पुडिंग कुणाचं आहे?

आयर्लंडमधल्या हॉटेलात सकाळी मेन्यूकार्ड हातात आलं, की माझी नजर आधी तळाच्या ओळींवर जाते. तिथं बारीक अक्षरांत गावांची आणि दुकानांची नावं असतात. पुडिंग, म्हणजे इथला सॉसेजच्या जातीचा मांसाचा पदार्थ, कुठल्या खाटकाकडचं, अंडी कुठल्या शेतावरची, बेकन कुणी मुरवलेलं. एवढ्यावरून पुढची न्याहारी कशी होणार ते बरंचसं कळतं. नावं नसतील तरी मी ‘फुल आयरिश’, म्हणजे इथली भरगच्च न्याहारी, मागवतेच, पण मग वाढणाऱ्या मुलाला विचारते, “पुडिंग कुणाचं आहे?” बहुतेक वेळा त्याला ठाऊक असतं. नसलं तर तो आत जाऊन विचारून येतो, आणि कधी कधी आचारीच हात पुसत बाहेर येऊन सांगतो. आयर्लंडच्या दक्षिणेकडच्या कॉर्कला राहायला आल्यापासून ही सवय लागली. इथं हा प्रश्न कुणाला आगाऊपणाचा वाटत नाही, उलट विचारणाऱ्याला चहा जरा लवकर मिळतो.

ताटात काय काय येतं ते आधी सांगते. रॅशर, म्हणजे डुकराच्या पाठीकडच्या मांसाचे मिठात मुरवलेले काप, कडेला चरबीची पट्टी असलेले. सॉसेज. काळं पुडिंग आणि पांढरं पुडिंग, दोन्हींच्या चकत्या. अंडं, बहुधा तळलेलं. आडवा चिरून भाजलेला टोमॅटो आणि मश्रूम. बाजूला ब्राउन ब्रेड, टोस्ट, बटर, मार्मलेड आणि चहाची किटली. बेक्ड बीन्सबद्दल इथं घराघरांत मतभेद आहेत. मला त्या वेगळ्या वाटीत दिलेल्या बऱ्या वाटतात. त्यांचा गोडसर रस पुडिंगला लागला की पुडिंगची कुरकुरीत कड मऊ पडते. हॅश ब्राउनला मात्र माझा सरळ विरोध आहे. ज्या देशात बटाट्याचे इतके स्वतःचे पदार्थ आहेत, तिथं गोठवलेला अमेरिकी त्रिकोण ताटात यायचं काही कारण नाही.

चांगल्या रॅशरची खूण तव्यावर दिसते. मिठाचं पाणी आत टोचून घाईघाईनं तयार केलेलं बेकन तापलं की पांढरट पाणी सोडतं आणि स्वतःच्याच पाण्यात उकडतं. कोरडं मीठ चोळून, वेळ देऊन मुरवलेलं तसं करत नाही. त्याची चरबी आधी काचेसारखी दिसायला लागते, मग कड सोनेरी होते. सुटलेली चरबी तव्यात राहते. त्याच चरबीत पुडिंग, मग टोमॅटो, सगळ्यात शेवटी अंडं. चव या क्रमात आहे. सॉसेज तेवढं आधीपासून वेगळ्या मंद आचेवर असावं लागतं, कारण त्यात पावाचा चुरा असतो आणि घाई केली की बाहेरून करपून आत कच्चं राहतं. त्याचा मसाला म्हणजे पांढरी मिरी, जायपत्री, थोडं जायफळ. गोव्याचा चोरीस खाल्लेल्या माणसाला ते पहिल्यांदा मिळमिळीत लागेल. शेजारी खारट रॅशर असताना ते तसंच असावं, हे दुसऱ्या-तिसऱ्या घासाला पटतं.

माझा जीव अडकलाय तो मात्र काळ्या पुडिंगात. रक्त, ओट्स, कांदा, चरबी आणि मसाला यांचं हे मिश्रण आतड्यात किंवा तशाच वेष्टनात भरून शिजवतात आणि न्याहारीला त्याच्या जाड चकत्या कापून तव्यावर टाकतात. बाहेरून करकरीत, आतून मऊ आणि दाणेदार. पांढऱ्या पुडिंगात रक्त नसतं, बाकी घराणं तेच.

मी कोल्हापूरकडची. आमच्याकडे जत्रेला बोकड कापला की रक्त वाया घालवत नाहीत. ते भांड्यात धरतात, थिजलं की तुकडे करतात आणि कांदा, लसूण, तिखटावर परततात. ही रक्ती. कोल्हापुरात रक्ती-मुंडी मिळणाऱ्या खानावळी आहेत आणि तिथं गर्दी असते. तरी पुण्या-मुंबईच्या ऑफिसात डबा उघडून “मला रक्ती फार आवडते” म्हणणारी माणसं मी थोडीच पाहिली. ती कुठल्या आळीत शिजते, कुणाच्या घरात रोजची आणि कुणाच्या घरात निषिद्ध, हा सगळा हिशेब ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर लगेच दिसतो. एखाद्या मोठ्या हॉटेलच्या न्याहारीत रक्ती आहे आणि शेजारी ती करणाऱ्या बाईचं नाव छापलंय, असं मी अजून कुठं पाहिलेलं नाही.

इथं नेमकं तेच पाहायला मिळतं. पश्चिम कॉर्कमधलं क्लोनाकिल्टी हे गाव आज देशभर काळ्या पुडिंगामुळे ओळखलं जातं. त्याची पाककृती १८८०च्या दशकातली. जवळच्या सॅम्स क्रॉसच्या शेतावर जोहाना ओब्रायन नावाची बाई पुडिंग करायची आणि गावातल्या हॅरिंग्टन खाटकाच्या दुकानाला पुरवायची. १९७६ मध्ये एडवर्ड टूमी यांनी ते दुकान घेतलं आणि दुकानासोबत पाककृतीही त्यांच्याकडे आली. पुढे त्यांनी तीच देशभर नेली. यात डुकराऐवजी गाईचं मांस आणि गाईचंच रक्त असतं, आणि ओट्स भरड असतात, त्यामुळे दाताखाली दाणा येतो. आपल्या स्वयंपाकघरात काहीतरी करून दुकानाला देणाऱ्या बाईचं नाव सव्वाशे-दीडशे वर्षांनंतरही पदार्थासोबत सांगितलं जातं, याचं मला मोठं अप्रूप आहे. आपल्याकडे अशा कितीतरी बायकांची नावं कुणी टिपूनच ठेवली नाहीत.

केरी परगण्यातल्या स्नीमचं पुडिंग वेगळंच. ते आतड्यात भरत नाहीत, ट्रेमध्ये ओतून भाजतात आणि चौकोनी कापतात. आणि रक्त ताजं वापरतात, ही खरी मोठी गोष्ट. कारण बाजारातलं बहुतेक काळं पुडिंग हल्ली वाळवलेल्या रक्ताच्या भुकटीचं असतं. २०१९ मध्ये स्नीमच्या पुडिंगाला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं. ताज्या रक्ताचं पुडिंग जास्त ओलसर असतं, जिभेवर लोण्यासारखं पसरतं, आणि त्याला लोहाची एक हलकी चव असते. रक्ती खाऊन वाढलेल्या माणसाला ती लगेच ओळखू येते.

पण हे सगळं ताट पूर्वी रोजचं नव्हतं. एकोणिसाव्या शतकातल्या आयरिश कुळाच्या घरात डुक्कर असायचं ते विकण्यासाठी. ‘घरभाडं भरणारे सद्गृहस्थ’ असंच त्याला म्हणत. माणसं बटाटे आणि ताक यावर जगायची, बटाट्याच्या साली आणि उरलंसुरलं डुकराला जायचं, आणि पुष्ट झालेलं डुक्कर जमीनदाराचा खंड भागवायला बाजारात. लोण्याचंही तसंच. कॉर्क शहराच्या शँडन भागात १७७० पासून लोण्याचा मोठा बाजार होता. तिथं लोण्याची प्रत तपासून शिक्का मारायचे आणि खारवलेलं लोणी लाकडी पिंपांतून वेस्ट इंडीजपर्यंत जायचं. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडत गेला आणि दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, साधारण तितकीच देश सोडून गेली. त्या वर्षांतही या बंदरांतून लोणी आणि बेकन बाहेर जातच होतं. क्लोनाकिल्टीहून पश्चिमेला गाडीनं अर्धा-पाऊण तास गेलं की स्किबरीन लागतं. तिथल्या ॲबीस्ट्रूरीच्या दफनभूमीत दुष्काळात मेलेल्या हजारो लोकांना पेटीशिवाय, नावाशिवाय, एकत्र पुरलंय. वर नुसतं हिरवं गवत आहे. पुडिंगाच्या गावाहून त्याच सकाळी तिथं गेलं की ताटातल्या प्रत्येक वस्तूकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं जातं. यातलं जवळजवळ सगळं एके काळी या माणसांच्या दारातून बाहेर जात होतं.

डुक्कर घरासाठी कापलं जाई ते हिवाळ्याच्या तोंडाशी. मांस मिठात घालून वर्षभर पुरवायचं, पण रक्त आणि पोटातलं टिकत नाही, म्हणून पुडिंग लगेच करायचं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटायचं. त्यांच्याकडे कापलं की त्यांनी आपल्याला द्यायचं. आणि रविवारची मोठी न्याहारी आली ती चर्चच्या नियमातून. कम्युनियन, म्हणजे चर्चमधला पवित्र प्रसाद, घ्यायचं तर मध्यरात्रीपासून पोटात काही जाता कामा नये, हा नियम कॅथलिकांमध्ये १९५०च्या दशकापर्यंत होता. रात्रभराचा कडक उपास, सकाळची मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, थंडीतून चालत घरी येणं, आणि मग चुलीवर तडतडणारा तवा. एका म्हाताऱ्या शेजाऱ्यानं मला सांगितलं होतं, की लहानपणी मिस्सेत त्याचं लक्ष शेवटी शेवटी पाद्रीबाबांकडे नसायचंच, त्याला रॅशरचा वास यायला लागलेला असायचा. पुढे पर्यटक वाढले, घराघरांत ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ सुरू झाले, आणि सणावाराचं ताट रोज सकाळी परक्या पाहुण्यासमोर यायला लागलं.

म्हणून मला ही न्याहारी अशा घरगुती उतारघरात सगळ्यात जास्त आवडते. मोठ्या हॉटेलात झाकणाखाली, दिव्याच्या उबेत ठेवलेले रॅशर कडक होतात, अंड्याचा बलक घट्ट होतो, मश्रूमला पाणी सुटतं. चांगली मोठी हॉटेलं हे जाणतात. तिथं थंड पदार्थ, फळं, चीज टेबलावर मांडलेली असतात आणि गरम ताट मात्र मागणीनुसार आतून येतं. घरगुती ठिकाणी आदल्या रात्रीच विचारतात, किती वाजता खाणार, अंडं कसं हवं, पुडिंग चालतं का. सकाळी जिना उतरताना वास येतो, आणि खिडकीजवळच्या टेबलावर आपल्यासाठी मोजून कप-बशा ठेवलेल्या असतात.

आई आली होती तेव्हा आम्ही डिंगलच्या बाजूला अशाच एका घरी उतरलो. आई माळकरी आहे. मांस नाही, अंडंही नाही. मी रात्री घरमालकीणबाईंना हे समजावून सांगायला लागले, तर त्यांनी मध्येच थांबवलं. “तुझ्या आईसाठी वेगळा तवा काढते. त्या तव्यात कधी मांस पडलेलं नाही, माझ्या सुनेचा आहे तो.” सकाळी आईसमोर बटरमध्ये परतलेले मश्रूम, टोमॅटो, उकडलेल्या बटाट्याच्या घरी केलेल्या चपट्या टिक्क्या, ओट्सची पातळ लापशी, तिच्यावर साय आणि ब्राउन शुगर आली. मग बाई स्वतः ब्राउन ब्रेड घेऊन आल्या आणि उभ्याउभ्याच सांगू लागल्या: गव्हाचं पीठ, मीठ, सोडा, ताक, दुसरं काही नाही, अंडं तर नाहीच. आईनं माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली. तिनं एक तुकडा खाल्ला आणि मराठीतच थेट त्यांना म्हणाली, “बाई, ताक घरचंच दिसतंय.” मी भाषांतर केलं. ताक डेअरीचं होतं, पण त्या बाईंना जो आनंद झाला तो काय सांगू. त्यांची आजी घरी लोणी काढायची. नंतर दोघी बराच वेळ बोलत बसल्या, मी मध्ये दुभाषी. त्यांच्या लहानपणी दर शुक्रवारी मांस वर्ज्य असायचं, आणि ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत आणखी बंधनं. आई एकादशीचं सांगत होती. निघताना त्यांनी कागदात गुंडाळून अर्धा ब्रेड तिच्या पिशवीत ठेवला.

हा सोडा ब्रेड म्हणजे इथल्या जमिनीनं आणि हवेनं ठरवलेली गोष्ट आहे. ओल्या, थंड हवेत पिकणारा आयरिश गहू मऊ, त्यात ग्लूटेन कमी. यीस्टनं तो नीट फुगत नाही. एकोणिसाव्या शतकात खाण्याचा सोडा स्वस्तात मिळायला लागला आणि घरात ताक होतंच. दोन्ही एकत्र आले की पीठ लगेच फुगतं, मळायची, वाट पाहायची गरज नाही. भट्टी नसलेल्या झोपडीत तीन पायांच्या लोखंडी भांड्यात तो भाजायचे, झाकणावरही पीटचे, म्हणजे दलदलीतून काढलेल्या जळाऊ मातीचे, निखारे ठेवून. वर सुरीनं मोठी फुली मारतात, म्हणजे मधला भाग नीट भाजला जातो. चांगल्या हॉटेलची परीक्षा मी पुडिंगाखालोखाल या ब्रेडवर करते. तो त्याच सकाळचा असेल तर कवच टणक असतं आणि आतला भाग किंचित ओलसर. वर बटर मात्र जाड लावायचं. वर्षातला बराच काळ गाई बाहेर गवतावर चरतात म्हणून ते इतकं पिवळं असतं, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्या आपल्या माणसाला त्यात रंग घातलाय असंच वाटतं.

पूर्व कॉर्कमधल्या शानागॅरी गावात बॅलिमलू हाउस आहे. १९६४ मध्ये मर्टल ॲलन यांनी आपल्या शेतघराच्या जेवणघरातच रेस्टॉरंट सुरू केलं. शेतावर आणि आसपास जे मिळेल त्यातून रोजचा मेन्यू ठरवायचा, मासा जवळच्या बॅलिकॉटन बंदरावर येईल तो. पॅरिसकडे पाहून स्वयंपाक करायच्या त्या काळात एका शेतकऱ्याच्या बायकोनं हे केलं, आणि १९७५ मध्ये मिशेलिन तारा मिळवला. २०१८ मध्ये त्या गेल्या, पण तिथली न्याहारी तशीच आहे. तिथला ब्राउन ब्रेड सोड्याचा नाही, यीस्टचा, काकवीसारख्या काळ्या ट्रीकलचा, न मळता केलेला. महाग आहे ते ठिकाण, हे खरं. आम्ही एखाद्या खास दिवशीच जातो. पण कोकणात, देशावर शेतघरात खोल्या बांधून पर्यटकांना बोलावणाऱ्या आपल्या लोकांनी ही एक सकाळ अनुभवावी असं मला फार वाटतं. त्यांच्या ताटात काय असू शकेल याची यादी मी मनात कितीदा तरी केली आहे, आणि तिच्यात टोस्ट-बटर-जॅम आणि पाकिटातले कॉर्नफ्लेक्स नाहीत.

चहाबद्दल थोडंच सांगते. तो कडक असतो, दुधाचा असतो आणि किटली संपली की न विचारता दुसरी येते. आयरिश ब्रेकफास्ट टीमध्ये आसामचा चहा बराच असतो, म्हणून आपल्या जिभेला तो ओळखीचा लागतो. कॉर्कच्या लोकांना बॅरीजच लागतो. १९०१ पासूनचं हे इथलं दुकान, आणि त्याबद्दल वाद घालायला मी कुणाला सुचवणार नाही.

कॅफेंची मजा निराळी. हॉटेलात ताट सावकाश येतं, कॅफेत आजूबाजूला शहर जागं होत असतं. कॉर्कच्या इंग्लिश मार्केटमध्ये, १७८८ पासून भरणाऱ्या मंडईत, वरच्या सज्जात फार्मगेट नावाचं कॅफे आहे. कठड्याजवळ बसलं की खाली खाटकांचे आणि मासेवाल्यांचे गाळे दिसतात. ताटातलं मांस आणि ते विकणारा माणूस एकाच नजरेत येतो, आणि हे मी अजून दुसरीकडे कुठं पाहिलेलं नाही. त्याच मंडईत ड्रिशीनही मिळतं, कॉर्कचं खास रक्ताचं पुडिंग, करडं, जवळजवळ खरवसासारखं थरथरणारं. ते खाणारे आता वयस्क लोकच उरलेत. डब्लिनला गेले तर ग्राफ्टन स्ट्रीटवरच्या ब्यूलीजमध्ये जाते. १९२७ पासूनचं ते कॅफे, हॅरी क्लार्कनं केलेल्या रंगीत काचांच्या खिडक्या, त्यातून येणारा सकाळचा उजेड. तिथं ताटापेक्षा खिडक्यांसाठी जास्त वेळ बसावं.

वॉटरफर्डला फुल आयरिश सोडून द्यावी आणि ब्ला मागावा. मऊ, पांढरा, वरून पीठ भुरभुरलेला पाव, आत रॅशर आणि बटर. याला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पहाटे भाजतात आणि दुपारपर्यंत त्याचा मऊपणा उतरतो, म्हणून सकाळीच खायचा. आणि कामावर निघालेल्या माणसाची न्याहारी पाहायची असेल तर कुठल्याही दुकानातल्या डेली काउंटरसमोर रांगेत उभं राहावं. अर्ध्या लांब पावात सॉसेज, रॅशर, पुडिंग, अंडं सगळं भरून, सॉस घालून, कागदात गुंडाळून देतात. आर्थिक भरभराटीच्या वर्षांत बांधकामावरचे गवंडी आणि सुतार हाच ‘ब्रेकफास्ट रोल’ खाऊन दिवस काढत होते. मी तो पावसात बसथांब्यावर उभं राहून खाल्लाय आणि मला तो मनापासून आवडतो.

उत्तरेला, बेलफास्टकडे, नियम बदलतात. तिथं ब्रेड बाजूला येत नाही, तव्यातच येतो. सोडा फार्ल आणि बटाट्याचा ब्रेड, दोन्ही तिकोनी, दोन्ही रॅशरच्या चरबीत तळलेले. याला ते अल्स्टर फ्राय म्हणतात, आणि माझ्या मते सबंध बेटावर बटाट्याला इतका मान दुसऱ्या कुठल्या न्याहारीत मिळत नाही. पहिल्यांदा खाणार असाल तर सेंट जॉर्जेस मार्केटमध्ये खा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बांधलेली ती लाल विटांची मंडई आहे, आत गाळ्यांवरच तवे तापलेले असतात आणि बाकावर जागा मिळाली की बसायचं. फक्त वार पाहून जा, ती शुक्रवार ते रविवारच भरते.